डावा अंगठा

काल पोस्टात शाईच्या पॅडचा वास आला आणि मी पुन्हा सोलापूरच्या दवाखान्यातल्या खाटेवर जाऊन पडले. यंत्रमागात माझी उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. गुंगी पुरती उतरली नव्हती, तोच कारखान्याच्या मॅनेजरनं माझा डावा अंगठा एका कागदावर दाबला. चूक माझीच होती, असं त्यात लिहिलेलं.

"मला सही येती की, सायेब," मी म्हणाले.

"कुठल्या बोटांनी करणार?" तो हसला.

तेव्हा मी रडले. आता वाटतं, तो हसला ते बरं झालं, नाहीतर मी गप्प बसले असते. तेव्हा खाटेजवळच असलेल्या नर्सबाईंच्या साक्षीमुळं कामगार न्यायालयात तो कागद खोटा ठरला. मला भरपाई मिळाली. मालकानं सगळं मॅनेजरवर ढकलून त्याला काढून टाकलं. एका दुपारी तो माफी मागायला दारात आला.

त्याला उन्हात उभं ठेवून मी सावकाश जेवले.