माल, यंत्र, हात

फुकटचा चहा आणि रिकामी लाल पेटी, दोन्हींचा कलावतीबाईंना सारखाच संशय. चहाचं कारण कुणालाही कळेल. पेटीचं सांगायला हवं.

कळव्याच्या चाळीतली ही पहिली बी.एस्सी. मुलगी. वागळे इस्टेटमधल्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली ती चौतीस वर्षं तिथंच राहिली. स्प्रिंग दाबायची, मोजायची. बाद झाली तर लाल ठिपका मारून लाल पेटीत टाकायची. सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख आणि कारणाचा एकच शब्द: माल, यंत्र किंवा हात. तार खराब आली तर माल, मशीन बिघडलं तर यंत्र, आणि करणाराच चुकला तर हात. शेवटचा शब्द कुणाला स्वतःच्या नावापुढे नको असायचा. एकदा लिहिलेली चिठ्ठी मात्र बदलायची नाही. खाडाखोड दिसली की अख्खा लॉट, म्हणजे त्या खेपेच्या सगळ्याच स्प्रिंगा, थांबायचा.

ज्याची पेटी महिनोन्महिने रिकामी तो उत्तम कारागीर, असं साहेबांना वाटे. कलावतीबाईंना वाटे, यानं बाद माल लपवलाय कुठं? शोधला की सापडायचा. कधी मागच्या नाल्यात, कधी जेवणाच्या डब्यात.

आता त्या बहात्तरच्या. डोंबिवली पूर्वेला एकट्या राहतात, पेपरातल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करतात आणि धाकट्या भावावर, शिवरामवर, लक्ष ठेवतात. शिवरामचं शीळफाट्याला गॅरेज होतं. रस्ता रुंद झाला, जागेला भाव आला, त्यानं विकून टाकली. देणी भागवून हातात एक कोटी चार लाख उरले. बायको गेलेली, मूलबाळ नाही, पेन्शनचा प्रश्नच नाही. पुढचं म्हातारपण एवढ्यावरच काढायचं.

पण बँकेचं व्याज त्याला मुंगीच्या चालीनं येतंयसं वाटे. कुणीतरी हेज फंडाचं, श्रीमंतांचे पैसे बाजारात फिरवणाऱ्या फंडाचं, कानात घातलं. बाजार वर गेला तरी हे लोक कमावतात, खाली गेला तरी कमावतात, असं त्यानं ताईला समजावलं.

"दोन्हीकडून ओढली तरी ताणली जात नाही अशी स्प्रिंग मी तरी पाहिली नाही," कलावतीबाई म्हणाल्या.

किमान रक्कम एक कोटी. थोडे घालून बघू, असला प्रकारच नाही. म्हणजे एकदा चेक फाडला की शिवराम फंड चालवणाऱ्या माणसाच्या हातात. तो माणूस बघायलाच हवा होता.

ऑफिस निघालं वागळे इस्टेटमध्येच, काचेच्या इमारतीत. मागचा नाला ओळखीचा वाटला तेव्हा कलावतीबाईंच्या लक्षात आलं, इथंच आपला कारखाना होता.

फंड चालवणारा साईनाथ चाळिशीचा, मऊ बोलणारा. मावशी-काका करत त्यानं चहा मागवला. इथं कलावतीबाईंनी त्याचा पहिला गुण कापला. मग पडद्यावर एक रेघ दाखवली, सात वर्षं वरवरच चढणारी. शिवराम तिच्याकडे असा बघत राहिला, जसा गॅरेजमध्ये नव्या इंजिनाकडे बघायचा.

कलावतीबाईंनी विचारलं, "बाद माल कुठं ठेवता?"

साईनाथला कळेना. त्यांनी लाल पेटी आणि तीन शब्द समजावून सांगितले. तो चिडेल असं वाटलं होतं, उलट हसला आणि म्हणाला, "मावशी, माझे शंभरातले पंचेचाळीस निर्णय चुकतात. मी चुकतच नाही म्हणणाऱ्याच्या दारात उभंसुद्धा राहू नका. चुकलेलं लवकर फेकायचं, जमलेलं धरून ठेवायचं. आमची विद्या एवढीच."

आणि खरोखर त्यानं कागद काढून दिले: शेवटचे शंभर निर्णय, तारखेसह, कारणांसह. कलावतीबाई थोड्या नरमल्या. इतक्या वर्षांत भरलेली पेटी आपणहून उघडणारे त्यांनी मोजकेच पाहिले होते.

घरी भिंग आणि पेन्सिल घेऊन बसल्या. बुडालेल्या पंचेचाळीस ओळी. निवडणूक. युद्ध. सरकारचा नवा नियम. समोर त्या लिहीत गेल्या: माल, माल, माल. दोनदा संगणक अडकला होता, तिथं यंत्र. हात एकदाही नाही. मग कमावलेल्या पंचावन्न ओळी घेतल्या. आमचा अभ्यास, आमचा अंदाज, आमचा संयम. तिथं मात्र हातच हात.

त्यांनी फोन लावला. "साईनाथ, पंचेचाळीस चुकांमध्ये तुमची स्वतःची एकही नाही?"

"मावशी, तसं लिहिलं तर पैसे कोण देईल?"

लिहून पाठवा, मग बघू, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आठ दिवसांनी नवे कागद आले. त्यात सहा ठिकाणी स्वच्छ लिहिलेलं: निर्णय आमचा चुकला. शिवराम ते घेऊन दुपारीच डोंबिवलीला हजर. शर्टाच्या खिशात चेकबुक.

कलावतीबाईंनी जुने कागद शेजारी ठेवले. अकरावी ओळ: जुन्यात निवडणूक, नव्यात आमची चूक. तारीख तीच. बाकीच्या पाचांचंही तसंच.

"चिठ्ठी बदललीय. लॉट थांबला," त्या म्हणाल्या.

"तूच मागितलंस ना, ताई? आता दिलं तरी तुझी रड आहेच. माणसानं मागाहून कबूल केलं तर काय पाप केलं?"

कलावतीबाई उठल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या. मग रघुचं नाव त्यांनी प्रथमच भावासमोर काढलं.

रघु त्यांच्याच खात्यातला कामगार, राहायलाही कळव्यालाच. त्याच्या चारशे स्प्रिंगा त्यांनी बाद केल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, हात. त्याला घरी बसवलं गेलं. संध्याकाळी मोजायचं गेज पेटीत ठेवताना त्यांना दिसलं की आपण भलतंच गेज घेतलं होतं. स्प्रिंगा ठीक होत्या. चूक त्यांच्या हाताची होती.

"मग चिठ्ठी बदलली का नाहीस?"

"बदलायची नाही असा नियम होता ना." त्या कडवट हसल्या. "मीच सगळ्यांना शिकवलेला. नियम किती कामाला आला बघ. मला कुणी विचारलं नाही, मी बदलली नाही. याला गिऱ्हाइकानं विचारलं, यानं बदलली. उद्या दुसरं गिऱ्हाईक दुसरं मागेल, तेव्हा तसं लिहील. खरी चूक कुठली, ते त्याला तरी आता ठाऊक असेल का, मला शंका आहे."

शिवरामनं अकराव्या ओळीवर बोट ठेवून दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग कागदांची घडी केली आणि चेकबुक खिशातच राहू दिलं.

"रघु कुठं असतो आता?"

"कळव्याला. तिथंच, पूर्वीच्या ठिकाणी."

"म्हणजे पत्ता आहे तुझ्याकडे."

त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

शिवराम उठला, चपला शोधू लागला. "बँक चारला बंद होते. एफडीचं मी बघतो, तिथं तुझी गरज नाही," तो म्हणाला. "तू कळव्याला जा."