दार आतून बंद होतं

मी माजलगावला शाळेत विज्ञान शिकवते. करणी, उतारा, अंगात येणं... असलं काही कोणी सुरू केलं की मी सरळ उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडायला होतंय.

आमचं गाव मांजरसुंब्याजवळ. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तिथे एकटाच राहतो. गाव त्याला माणूसघाणा म्हणायचं, मीही म्हणायचे. पुढे बीडच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं — अव्हॉयडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डर. यांना माणसं नको असतात असं नाही, म्हणाले. हवी असतात, पण समोर गेलो की लोक हसणार, झिडकारणार, याची खात्रीच असते. दादा कुणाच्या लग्नाला जायचा नाही, पण वरात खिडकीच्या फटीतून शेवटपर्यंत बघायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुष्काळात गावच्या दूध संस्थेने माळावर चारा छावणी काढली. आमचे दोन बैल आणि गाय तिथेच होती. नामदेवकाका, आमचे चुलते, त्यांचं बघायचे. पण तपासणी पथक आलं की मालकाने स्वतः जनावरापाशी उभं राहून नाव सांगायचं, सही करायची, असा नियम. दादा दोनदा गैरहजर. तिसऱ्यांदा नाव कापणार होते, म्हणजे चारा बंद आणि जनावरं विकायची. दादा मनातलं बोलायचा ते त्या बैलांशीच.

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. दादाने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, उंबऱ्यापर्यंत आला... आणि मागे फिरून कडी लावून घेतली. खोलीला दार एकच, खिडकीला गज. मी दाराला पाठ टेकून बसले. समजावलं, रागावले, शेवटी रडलेसुद्धा. आतून एवढंच आलं, "सुमन, लोकं बघत्यात गं. न्हाई जमत."

अकरा ते साडेबारा मी जागची हलले नाही. आत तो मधूनमधून खोकत होता.

तेवढ्यात नामदेवकाका मोटारसायकलवरून आले, एकदम खुशीत. सांगायला लागले, आज दादाने कमाल केली... बैलापाशी उभा राहिला, खणखणीत नाव सांगितलं, वर साहेबांना वैरण कमी पडतेय म्हणून सुनावलं. मी बंद दाराकडे बोट केलं. काकांनी खिशातलं पेन काढून माझ्यासमोर धरलं.

"आगं, सही केली की त्यानं. माझ्याच पेनानं."

दुसऱ्या दिवशी मी छावणीचं रजिस्टर पाहिलं. सही दादाचीच. पाच-सहा जणांना विचारलं, सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला डोळा लागला असेल. लागला असला तरी दाराला पाठ माझीच होती ना? मला आजवर काही उलगडलेलं नाही.

दादाने तर हे कसं झालं ते कधी विचारलंच नाही. त्या दुपारी काकांचं बोलणं ऐकून त्याने कडी काढली. शर्ट घामाने चिंब. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हसलं का कुणी?"

मी सांगितलं, कुणीच नाही. तरी संध्याकाळपर्यंत तो तेच विचारत होता.