बिनसाखरेच्या चॉकलेटचे सहा आठवडे

वडिलांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेतला खिळा दोन दिवस टोचत होता आणि ते त्यांना कळले नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा आईने आधी मांजराला हाकलले. ठिपके वडिलांच्या पायाचे निघाले.

नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ धागा तळपायावर निरनिराळ्या जागी टेकवला. स्पर्श जाणवला की "हो" म्हणायचे, एवढीच चाचणी होती. धागा हवेत असताना वडील दोनदा "हाव" म्हणाले. धागा टेकलेला असताना गप्प राहिले. मग आपण फार वेळ गप्प आहोत असे वाटून पुन्हा एकदा "हाव" म्हणाले. बत्तीस वर्षे एसटी चालवलेला माणूस डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून अंदाजाने उत्तरे देत होता. मी ते पाहिले आणि मनात नोंदवले. त्या नोंदीचा पुढे उपयोग करावा, हे मात्र मला सुचले नाही.

"सहा आठवडे पाहू," डॉक्टर म्हणाले. "साखर आटोक्यात आली तर जखम भरायला वाव आहे. नाही आली, तर अंगठा काढावा लागेल."

मला त्या वेळी काही वाटले नाही. मुदत ठरलेली होती आणि एक आकडा खाली आणायचा होता. मला अशाच प्रकारे विचार करायची सवय आहे. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. तेव्हा लातूरच्या एका शिकवणी वर्गात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.च्या मुलाखतीची वाट पाहत होते. सोमवार ते शनिवार लातूर, रविवार नांदेड. इन्सुलिनचा धडा मी फळ्याकडे न पाहता शिकवू शकत असे.

गोळ्या डॉक्टरांनी वाढवून दिल्या, भाकरीचे प्रमाण आईने कमी केले. प्रश्न उरला तो जेवणानंतरच्या गोडाचा. ड्रायव्हरची नोकरी करताना प्रत्येक थांब्यावर कोणी ना कोणी वडिलांना साखरेचा चहा आणि वर पेढा द्यायचे; निवृत्तीनंतर थांबे गेले, सवय राहिली. गोड बंद केले की ते चोरून खातील, हे मी गृहीत धरले होते. म्हणून बंद करण्याऐवजी मी पर्याय द्यायचे ठरवले: साखर नसलेले, पिष्ट जवळजवळ नसलेले आणि चुलीवर न चढवता होणारे चॉकलेट. ओव्हन आमच्या घरी नाही, आणि मे महिन्यातल्या नांदेडच्या उकाड्यात कोणी विकतही आणणार नाही.

पहिल्या रविवारी मी साहित्य ओट्यावर मांडले. भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, जवसाची पूड, सुक्या खोबऱ्याचा कीस, कोको, खोबरेल आणि एरिथ्रिटॉल. हे शेवटचे नाव आईला तीनदा सांगावे लागले. दिसायला पिठीसाखर, जिभेला गोड, रक्तातली साखर न वाढवणारे.

"काय करून राहिलीस?" आई दारातून म्हणाली.

"चॉकलेट."

"गॅस तर बंद हाय."

"गॅस लागतच नाही."

फ्रिजमधून काढलेली खोबरेलाची वाटी खिडकीत ठेवली की दहा मिनिटांत पातळ व्हायची. त्यात कोको खलायचा, मग गोडवा घालायचा, मग कूट. मिश्रण कोरडे वाटले म्हणून आईने लाडवाला लावतात तसा दुधाचा हात लावला आणि ते क्षणात दाणेदार, कोरडे होऊन फुटले. कोकोला ओलाव्याचे वैर असते हे मी तिला समजावले. तिने हात पदराला पुसला आणि म्हणाली, "दुधानं फुटतंय ते कसलं खायाचं?" मी ते मिश्रण टाकून दुसरे केले. साच्यांसाठी घरात मोदकाचेच साचे होते, ते वापरले. फ्रिजमध्ये तासभर ठेवल्यावर काळे, तुकतुकीत मोदक निघाले.

वडिलांनी एक उचलून उजेडात धरला. "मॅडम, गणपती मेमध्येच बसवले का यंदा?"

"खाऊन बघा."

त्यांनी चावा घेतला. जिभेवर गारवा आल्याने भुवया वर गेल्या. एरिथ्रिटॉलने तसे होते. "लई झकास," ते म्हणाले.

मी आठवड्याचे चौदा मोदक डब्यात भरले, रोज दोन. स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला कागद चिकटवला: साखर अजिबात नाही, पेढा नाही, प्रसादही कणभरच, रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचून आकडा वहीत लिहायचा आणि मला फोनवर कळवायचा. सोमवारी पहाटेच्या गाडीने लातूरला गेले. लोह्यापर्यंत झोपले, अहमदपूरपासून पेपर तपासले.

पहिले दोन आठवडे आकडा पायरी पायरीने उतरत गेला. वडील सकाळी फोनवर आकडा सांगायचे आणि पुढे न विचारता जोडायचे, "तुझं चॉकलेट लई झकास हाय." मी आलेख काढला. रेषा खाली जात होती. मुलाखतीत हे उदाहरण सांगता येईल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. तो आला होता एवढे इथे लिहून ठेवते.

तिसऱ्या आठवड्यात रेषा थांबली आणि वर वळली. मी कारणे शोधू लागले. जखमेत जंतू असतील तर साखर चढते. डॉक्टरांनी जखम तपासली, वाईट नव्हती. मोजण्याच्या पट्ट्या उन्हात खराब होतात, नव्या आणल्या. शेंगदाणे कमी करून खोबरे वाढवले. कोको दुसरा घेतला, कारण पहिल्यात साखर मिसळलेली असण्याची शक्यता मला वगळायची होती. प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहिला. आकडा चढतच राहिला. फोनवर वडील आता "लई झकास" अधिक मनापासून म्हणत होते, हा फरकही माझ्या कानाला जाणवला आणि तो मी माझ्या सुधारलेल्या कृतीच्या खाती टाकला.

चौथ्या आठवड्यात एका गुरुवारी वर्गाला अचानक सुट्टी मिळाली. मी न कळवता दुपारच्या गाडीने नांदेडला आले. वडील आतल्या खोलीत झोपले होते. आई स्वयंपाकघरात खाली बसली होती. पुढ्यात परात, परातीत माझे मोदक चुरडलेले, आणि बाजूला किसणीखाली गुळाचा काळपट ढीग. ती दोन्ही एकत्र मळून पुन्हा साच्यात भरत होती.

तिने मला पाहिले आणि जराही न दचकता म्हणाली, "आलीस? बस. पाणी घे आधी."

"हे काय आहे?"

"तुझंच हाय. जरा चव आणून राहिले."

"साखर नाही घालायची असं लिहिलंय ना मी?"

"साखर कुठं हाय?" तिने खरोखर आश्चर्याने परातीकडे पाहिले. "गूळ हाय. बिनकेमिकलचा. रेणापूरहून आत्यानं धाडलेला. शुगरवाल्याला चालतो हा, आत्या स्वतः खातात की."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिच्या गावाकडे उसाचे गुऱ्हाळ लागते आणि दर वर्षी एक काळी ढेप आमच्याकडे येते. पांढरी ती साखर, ती वाईट. काळा तो गूळ, तो औषधी. हे आमच्याकडे इतके ठरलेले आहे की ते कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. बाळंतिणीला गूळ, अशक्ताला गूळ, उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी. मी या घरात वाढले. आणि मी कागदावर फक्त साखर लिहिली होती.

"कधीपासून घालतेस?"

"दोन हप्ते झाले. काय करू बाई, ते खात न्हवते. एक चावा घ्यायचे आन् बाकीचं तुळशीच्या कुंडीत. मुंग्यासुद्धा येईनात त्याला."

"मला तर फोनवर छान आहे म्हणायचे."

"तुला कसं न्हाई म्हणतील? तू एवढी गाडीनं येतीस, दिवसभर उभी राहून करतीस." तिने एक मोदक साच्यातून काढून ताटात ठेवला. "आता बघ, चार-चार खातात."

पहिले दोन आठवडे आकडा उतरला होता, कारण ते काहीच गोड खात नव्हते. नंतर तो चढला, कारण रोज चार मोदकांचा गूळ पोटात जात होता. माझ्या आलेखातल्या एकाही बिंदूचा माझ्या चॉकलेटशी संबंध नव्हता. मी बॅग खाली ठेवली, पाणी प्यायले आणि परातीतले सगळे एका पिशवीत भरून बाहेर टाकून आले. परतताना कुंडीतली माती बोटाने उकरून पाहिली. तीन अर्धे मोदक सापडले, बुरशी धरलेले.

"गुळानंही साखर तेवढीच वाढते," मी आत येऊन म्हणाले.

आईचे हात रिकाम्या परातीवरच थांबले. "तेवढीच?"

"जवळजवळ तेवढीच."

तिने ढेप फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर, सहज हात पोचणार नाही अशा जागी ठेवली. मी कपाटावरच्या कागदावर साखरेखाली "गूळ" लिहिले, त्याखाली "मध", "काकवी", "खजूर" लिहिले, आणि शुक्रवारी पहाटे लातूरला गेले. त्या दिवशी पहिल्या तासाला इन्सुलिनचाच धडा होता. नेहमीप्रमाणे झाला.

आकडा पुन्हा उतरू लागला, पण उरलेल्या दिवसांत पुरेसा उतरला नाही. पाचव्या आठवड्याच्या शेवटी अंगठ्याचे टोक काळे पडले. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी पाय हातात धरून बराच वेळ पाहिला आणि मग माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. खाण्याचे पथ्य कसे पाळले, असे त्यांनी विचारले. मी वही दाखवली आणि सगळे क्रमाने सांगितले, गुळासकट. त्यांनी ऐकून घेतले. "रक्तपुरवठाही कमी होता," ते म्हणाले. "गूळ नसता तर अंगठा वाचला असता, असं मी सांगू शकत नाही. नसता वाचला, असंही नाही." मला ते उत्तर योग्य वाटले. एकाच माणसावरून याहून जास्त म्हणता येत नाही.

शस्त्रक्रिया अर्ध्या तासात झाली. वडिलांना कमरेखाली बधिर केले होते. ते आत डॉक्टरांना बालाघाटच्या घाटातली वळणे सांगत होते, असे नर्सने बाहेर येऊन सांगितले. नंतर मी त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांनी पायाकडे पाहिले नाही. "क्लच डाव्या पायानं असतो," ते म्हणाले. "मग उजव्यानं?" मी विचारले. "ब्रेक आन् ॲक्सिलेटर." आणि जरा थांबून, "आता कुठं गाडी हाकायचीय म्हणा."

आई जिन्यात उभी होती. हातात रिकामा थर्मास. मी खाली चहा आणायला निघाले, तेव्हा तिने विचारले.

"गुळानं झालं का गं?"

खरे उत्तर माझ्याकडे तयार होते: सांगता येत नाही. डॉक्टरांनी तेच सांगितले होते आणि मी ते मान्य केले होते. पण ते उत्तर तिच्या कानापर्यंत जाताना "हो" होईल, हे मला स्पष्ट दिसत होते, आणि मग ते तिच्यापाशी आयुष्यभर राहील.

"नाही," मी म्हणाले. "रक्तच पोचत नव्हतं तिथं."

तिने माझ्याकडे पाहिले. माझा विश्वास बसावा म्हणून वडील फोनवर जसे बोलायचे, तसेच मी बोलले असणार. तिने तो आवाज रोज शेजारी उभे राहून ऐकला होता. ती थर्मास घेऊन माझ्या आधी जिना उतरली.

वडिलांना घरी आणल्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा साहित्य मांडले. कशासाठी, हे मला नीट सांगता आले नसते. साखर तर खाली ठेवायचीच होती, कारण दुसरा पाय होता आणि उरलेली नऊ बोटे होती. एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये बारीक केले, म्हणजे दाताखाली कचकच येत नाही. खोबरेल खिडकीत ठेवले. आई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, हात मांडीवर.

"साचे भर ना," मी म्हणाले.

"नको. तूच कर."

"माझ्याच्यानं एवढे नाही होत. हात कोरडे कर आणि भर."

तिने हात धुतले, पदराला दोनदा पुसले, तळवे उलटसुलट करून मला दाखवले आणि साचा उचलला. मिश्रण कोरडे होते तरी तिने दुधाच्या वाटीकडे पाहिले नाही.

वडील बाहेरच्या खोलीत स्टुलावर पाय ठेवून बसले होते. मी ताटलीत दोन मोदक नेऊन दिले आणि तिथेच उभी राहिले. या वेळी मी जाणार नव्हते. त्यांनी चावा घेतला, चावला, आणि सवयीने तोंड उघडले. मग आईकडे पाहिले. ती दारात उभी होती, कोकोने काळे झालेले हात अंगापासून दूर धरून.

"कडू हाय," ते म्हणाले.

"किती?"

त्यांनी विचार केला. धागा टेकवताना डॉक्टरांनी जेवढा वेळ दिला होता, त्याहून जास्त वेळ घेतला.

"लई कडू. आन् गिळल्यावर घशात गार लागतंय."

मी वही आणायला आत गेले. परत आले तेव्हा त्यांनी तो मोदक संपवला होता आणि दुसरा ताटलीतच ठेवला होता.