खांबावरून हुकलेली झेप

मी पडले धुळ्यात, आणि पडले तेव्हा त्याचं मला फारसं काही वाटलंच नाही. खो-खो खेळणाऱ्या मुलीचं कोपर नाहीतर गुडघा कायम सोललेला असतो. आंघोळीचं गरम पाणी लागलं की आठवण होते, तेवढंच.

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. गाव रावेरजवळ, घरची केळीची शेती, राहायला होस्टेल. संघात माझं काम खांबाचं. पळणारी मुलगी खांबाजवळून वळायला लागली की एका हाताने खांब धरायचा, सगळं अंग पुढे झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हाताने तिला टिपायचं. जमलं तर मैदान ओरडतं. नाही जमलं तर तोंडात माती.

धुळ्यात शेवटचं मिनिट चालू होतं. समोरच्या संघाची एक बारकीशी, वाऱ्यासारखी मुलगी आम्हाला दमवत होती. ती बाद झाली असती तर सामना आमचा होता. मी खांब धरला, झेप घेतली, घामाने हात सुटला आणि मी पोटावर आपटून चांगली दोन हात घसरत गेले. ती मुलगी माझ्यावरून टुणकन उडी मारून निघून गेली. शिट्टी वाजली. आम्ही हरलो. मी उठले, थुंकले, तिच्याशी हात मिळवला आणि बसमध्ये येऊन दोन वडापाव खाल्ले.

पारोळ्याच्या आसपास आमच्या कॅप्टनने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ. पण बघू नको," ती म्हणाली. म्हणजे मी बघणारच.

कुणीतरी माझी झेप मोबाइलवर काढली होती आणि तिला फुग्यातून हवा जातानाचा आवाज लावला होता. मी पडते, घसरते, हवा जाते. परत पडते, परत घसरते. सुरुवातीला आम्ही सगळ्याच हसलो. खरंच मजेशीर होतं ते. मग मी खालच्या कमेंट वाचायला लागले. निवेदकाने माझ्या तालुक्याचं नाव घेतलेलं ऐकू येत होतं, म्हणून एकाने लिहिलं होतं, "आजपर्यंत माणूस केळावरून घसरायचा, आज केळंच घसरलं." दुसऱ्याने, "हिच्याऐवजी नुसता खांब खेळला असता तरी संघ जिंकला असता." कुणी माझ्या अंगाबद्दल लिहिलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. जळगाव येईपर्यंत मी ते सगळं तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी आणखी कमेंट आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आणखी. सकाळी दात घासायच्या आधी मी मोबाइल बघायला लागले. मेसमध्ये मागच्या टेबलावर कुणी हसलं की माझा घास थांबायचा. बहुतेक वेळा ते भलत्याच गोष्टीवर हसत असायचे, पण हे मला आज कळतं.

मैदानावर तर माझं काहीतरीच होऊन बसलं. खांबाजवळ पोचले की नजर आधी कडेला जायची, कुणाच्या हातात मोबाइल आहे का बघायला. तेवढ्यात पळणारी मुलगी निघून गेलेली असायची. झेप तर मी घेतच नव्हते. शनिवारी सरावाचा सामना होता, त्यात माझा "खो" इतका हळू निघाला की पुढे बसलेल्या मुलीला ऐकूच आला नाही आणि पंचांनी फाउल दिला. एकदा नाही, तीनदा.

आमच्या मॅडमनी मला बाहेर बोलावलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "घरी कधी गेली होतीस?"

"दिवाळीत."

"मग जा. दोन दिवस राहून ये. बूट इथेच ठेव."

घरी जायला मी कचरत होते. घरच्यांना यातलं काही माहीत नसेल हाच एक दिलासा होता, आणि माझं तोंड बघून आई विचारल्याशिवाय राहिली नसती.

रावेरच्या स्टँडवर आबा गाडी घेऊन उभे होते. आबा म्हणजे माझे वडील. घरी जायच्या आधी त्यांनी गाडी केळी भरायच्या शेडकडे वळवली. आमचा माल चालला होता. तिथे आठ-दहा बायका घड धुऊन फण्या खोक्यात रचत होत्या. आबांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, "हे पहा, आली."

एक बाई ओले हात पदराला पुसत पुढे आली. "हीच का व ते उडणारी?"

म्हणजे व्हिडिओ इथेही पोचला होता. पण बाई हसत नव्हती. ती माझे दंड चाचपून पाहत होती, आणि शेजारचीला सांगत होती की पोरगी चांगली खातीपिती दिसते, म्हणून एवढी लांब गेली.

मग उलगडा झाला. केळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे रोज भाव आणि ट्रकचे नंबर येतात, तिथे कुणीतरी तो व्हिडिओ टाकला होता. आबांनी तो पाहिला. त्यांचा मोबाइल जुना, त्याचा आवाज बिघडलेला, त्यामुळे फुग्याचं त्यांना कळलंच नाही. त्यांनी काय केलं, तर मी हवेत आहे तिथे व्हिडिओ थांबवला, त्याचा फोटो घेतला आणि स्वतःच्या डीपीला लावला. वर सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्या फोटोत माझे दोन्ही पाय जमिनीपासून वर होते, वेणी आडवी झाली होती, आणि पुढे ताणलेल्या हाताची पाचही बोटं उघडी होती. मी स्वतःला असं कधी पाहिलंच नव्हतं. मी दहा दिवस फक्त पडणारी मी पाहत होते.

"आबा, लोक हसताहेत मला," संध्याकाळी ओट्यावर बसून मी शेवटी सांगितलं. "तुम्ही खालचं वाचलं नाही."

"काय लिहेल आहे? आण बरं."

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या मोबाइलवरच्या कमेंट एकेक करून मोठ्याने वाचायला घेतल्या, पेपर वाचतात तशा सावकाश. आई अंगणातल्या चुलीपुढे भाकरी थापत ऐकत होती. "केळंच घसरलं" या वाक्याला आई म्हणाली, "केळी कुठी घसरते? साल घसरते. याला सांग." पुढे खांबाची कमेंट आली. आबांनी ती वाचली, थांबले, आणि त्यांना हसू फुटलं.

"आबा!"

"नाही, पण हे चांगलं लिहिलं पोरानं," ते डोळे पुसत म्हणाले. "नुसता खांब!"

मला इतका राग आला की मी उठून आत गेले. आतून मला त्या दोघांचं हसू ऐकू येत होतं. उंबऱ्यापाशी उभी राहून मी ते वाक्य मनात परत म्हणून पाहिलं आणि मलाही हसू यायला लागलं. ते दाबून ठेवणं काही जमलं नाही. बाहेर येऊन बसले तेव्हा आबा माझ्या अंगाबद्दलच्या कमेंटपाशी आले होते. ती त्यांनी मोठ्याने वाचली नाही. मोबाइल पालथा ठेवला. "हे खेळाचं नाही," एवढंच म्हणाले आणि जेवायला चल म्हणाले.

सकाळी त्यांनी तो फोटो पुन्हा उघडला. "तुहा हात पाह्य. खांब फार वर धरला. वजन सारं खाली लोंबकळलं, म्हणून सुटला." आयुष्यभर त्यांनी केळीचे घड उतरवले आहेत. जड घड कुठे धरला तर पेलतो आणि कुठे धरला तर मनगट मोडतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी अंगणाच्या कडेला एक लाकडी बल्ली पुरली, वरून गुळगुळीत तासली आणि पुढे केळीचा वाळलेला पाला दोन गाड्या आणून पसरला. त्यावर पडलं की फक्त सर्र आवाज यायचा.

पहिली झेप मी घाबरतच घेतली. हात कमरेएवढ्या उंचीवर धरला. सुटला नाही. दुसरी आणखी लांब गेली. दहाव्या-बाराव्या झेपेला आई घरातून बाहेर आली, पदर खोचला आणि म्हणाली, "बाजूला हो. शाळेत आम्ही बी खेळलेलो आहे."

"आई, नको."

ती धावत आली. खांबापाशी पोचल्यावर बहुधा तिचं मन बदललं, कारण तिने खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली, खांबाभोवती एक पूर्ण गिरकी घेतली आणि पाल्यात बसकण मारली. आबा ओट्यावर बसल्या बसल्या हसून आडवे झाले. आईच्या केसांत पाला, कपाळावर पाला, आणि ती आम्हालाच विचारत होती, "बाद झाली का नाही ती पोरगी?"

मी इतकं हसले की माझ्या बरगड्या दोन दिवस दुखत होत्या.

जळगावला परतून मी मॅडमना नवीन पकड दाखवली. त्यांनी दोनदा करायला लावली. "कुणी सांगितलं हे?"

"आबांनी. फोटो बघून."

"मग मी इतके दिवस काय बघत होते?" म्हणत मॅडमनी तो व्हिडिओ आवाज बंद करून, सावकाश चालवून सगळ्या संघाला दाखवला. त्यात आमच्या आणखी दोन चुका सापडल्या, त्या माझ्या नव्हत्या. ते कळल्यावर मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मधल्या काळात आमच्या कॅप्टनने खांबाची कमेंट लिहिणारा शोधून काढला होता. तो आमच्याच कॉलेजच्या कबड्डी संघातला निघाला. तिने त्याला एका संध्याकाळी मैदानावर आणून उभं केलं. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी गंमत म्हणून लिहिलं. तू कॉलेजातली आहेस हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं."

"चांगलं लिहिलंस," मी म्हणाले. "माझे वडील खूप हसले. आता तू एक झेप घे."

त्याला नाही म्हणता येईना. तगडा गडी, जोरात धावत आला, खांब धरला, आणि माझ्यापेक्षा वाईट आपटला. माझ्या मागे सगळ्या मुलींचे मोबाइल बाहेर निघाले होते. मीही खिशात हात घातला होता. तो कोपर धरून बसला होता आणि कडेला उभ्या मोबाइलांकडे बघत होता. ती नजर मला ओळखीची होती.

"आत ठेवा गं," मी म्हणाले. कॅप्टन कुरकुरली, पण सगळ्यांनी ठेवले. त्याला उठवून मी हात कुठे धरायचा ते दाखवलं. पाचव्या खेपेला त्याला जमलं, आणि तो नाचला. ती कमेंट त्याने स्वतःहून काढून टाकली. बाकीच्या तशाच राहिल्या. त्या वाचायचं मी एकदम सोडलं असं नाही. आधी दिवसातून एकदा, मग आठवड्यातून, मग कधीतरी विसरूनच गेले.

पुढची स्पर्धा अमळनेरला होती. समोर पुन्हा धुळ्याचा तोच संघ. पहिल्या डावात मी झेप घेतली आणि हुकले. माती तोंडात. कडेला कुणीतरी मोबाइल धरलेला मला दिसला. क्षणभर नजर तिथेच अडकली, मग मला खांबाला मिठी मारणारी आई आठवली आणि मी पडल्या पडल्या हसले. पंच विचारायला लागले, लागलं का म्हणून.

दुसऱ्या डावात ती वाऱ्यासारखी मुलगी पुन्हा खांबाकडे आली. हात खाली धरला. अंग सोडलं. बोटांना तिची पाठ लागली. त्यानंतरचा आरडाओरडा मला नीटसा आठवत नाही, कारण सगळ्या मुली माझ्या अंगावर होत्या.

सामना संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि अहिराणीत म्हणाली, "तू बठ्ठास्ले दिखनी, मना नुसता पायच दिखनात!" म्हणजे, त्या व्हिडिओत तू सगळ्यांना दिसलीस, माझे मात्र नुसते पाय. धुळ्यात बाद न होता निसटली ती, आणि तिच्या गावात कुणी विश्वास ठेवेना की ते पाय तिचे आहेत. तिची ही खरी तक्रार होती.

दोन्ही संघ एकाच ढाब्यावर जेवायला गेलो. शेवभाजी इतकी तिखट होती की सगळ्यांची नाकं वाहत होती, आणि तरी कुणी हात थांबवेना. ती धुळ्याची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्या ताटातला कांदा न विचारता उचलला आणि ओरडून आणखी रस्सा मागवला.