साहेब बाहेरगावी आहेत

सात रस्ता चौकात एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर देवदत्तरावांचं ऑफिस आहे. पाटीवर 'जनसंपर्क व प्रसिद्धी' असं लिहिलंय. म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर देवदत्तराव चष्मा पुसत लांबलचक सांगतात. आपण थोडक्यात सांगू. दुसरे जे कधी बोललेच नाहीत ते त्यांच्या नावावर छापून आणायचं, हा त्यांचा धंदा. ज्यांना दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत अशा कितीतरी माणसांचे 'परखड विचार' देवदत्तरावांनी लिहिलेत, आणि त्या माणसांनी ते सकाळी पेपरात वाचून स्वतःवरच खूश होऊन मान डोलावलीय.

या धंद्यात त्यांनी कमावलेली गोष्ट एकच. त्यांची प्रेसनोट आली की पेपरवाले ती डोळे झाकून छापायचे. फोटोत डावीकडून कोण उभं आहे, कुणाच्या नावामागे 'मा.' लावायचं आणि कुणाला नुसत्या 'श्री.'वर भागवायचं, यात त्यांची कधी चूक झाली नाही. मजकूर खरा की खोटा हा प्रश्न वेगळा, तो कुणी विचारत नसे. संध्याकाळी स्कूटरवरून पाकिटं पोचवायची, उपसंपादकाबरोबर अर्धा कप चहा घ्यायचा आणि घरी जायचं. सकाळी जे छापून येई तेच घडलं, असं गाव धरून चालत असे.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे रावजीसाहेब, एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. साहेबांकडे कुणी अवघड प्रश्न घेऊन आलं की देवदत्तरावांचं ठरलेलं उत्तर होतं, साहेब बाहेरगावी आहेत. वर्गाचं छत गळलं, साहेब बाहेरगावी. शिक्षक उपोषणाला बसले, साहेब बाहेरगावी. या एका वाक्याने साहेबांना मुंबई, नागपूर, दिल्ली सगळीकडे फिरवून आणलं, तेही घरच्या झोपाळ्यावरून न उठता. देवदत्तरावांच्या पत्नी यशोदाबाई हे वाक्य ऐकून भाजी निवडता निवडता नाक मुरडायच्या.

मग साहेबांचा मुलगा युवराज पुण्याहून शिकून आला आणि सोबत एक 'टीम' घेऊन आला. टीम म्हणजे चार पोरं, एक ड्रोन आणि भरपूर तोरा. साहेब गाडीतून उतरताहेत, साहेब गॉगल लावताहेत, साहेब गाईच्या पाठीवरून हात फिरवताहेत आणि गाय मान फिरवतेय, अशी रील रोज पडू लागली. मागे ढोल. देवदत्तराव या सगळ्याला 'नाचगाणं' म्हणत आणि चुकूनही ते मोबाईलवर उघडून बघत नसत. टीमच्या लेखी प्रेसनोट म्हणजे भजी बांधायचा कागद, त्यामुळे टीमही ती कधी वाचत नसे. एकाच माणसाचा डंका वाजवणारे हे दोघे, आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

हे अंगाशी आलं ते हुरड्याच्या दिवसांत. संस्थेच्या वसतिगृहात मुलींना जेवणातून विषबाधा झाली. बऱ्याच जणींना दवाखान्यात हलवावं लागलं. माळशिरसहून, कुठून कुठून, त्यांचे आईबाप मिळेल त्या गाडीने आले आणि दवाखान्याच्या फरशीवर बसून राहिले. पोरी वाचल्या हे त्यांचं नशीब. त्यांना एवढंच हवं होतं की अध्यक्षाने एकदा येऊन तोंड दाखवावं. अध्यक्ष वैराग गावाजवळच्या आपल्या शेतावर हुरडा खात बसले होते. देवदत्तरावांना हे पक्कं माहीत होतं, कारण त्यांनाही आमंत्रण होतं. दातांमुळे ते गेले नव्हते, इतकंच.

तरी त्यांनी नोट लिहिली. 'मा. रावजीसाहेब संस्थेच्या कामानिमित्त दिल्लीत असून, वृत्त समजताच ते व्यथित झाले. योग्य ती चौकशी होईल व दोषींवर कारवाई होईल.' 'व्यथित' हा शब्द त्यांना फार आवडला. त्यांचा जुना मित्र सोमलिंग एका दैनिकात वृत्तसंपादक आहे. त्यानेही नेहमीसारखी ती न वाचताच छापायला दिली.

त्याच संध्याकाळी टीमने रील टाकली होती. आगटीभोवती मंडळी बसलीयत, पानात शेंगाचटणी आणि दही आहे, साहेब गरम कणीस हातावर चोळताहेत, आणि वर अक्षरं: 'आज वैरागच्या मातीत. मातीशी नाळ जपणारा नेता.' सकाळी लोकांनी पेपरातली दिल्ली आणि मोबाईलमधलं वैराग शेजारी शेजारी चिकटवलं आणि गावभर फिरवलं. दवाखान्यातल्या एका बापाने ते पाहिलं, मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाला, "माजी पोरगी हितं सलाईनवर, आन ह्यो तितं कणसं चोळतोय." तेही कुणीतरी मोबाईलवर घेतलं. देवदत्तरावांच्या सगळ्या कारकिर्दीत इतकं सरळ वाक्य एकही नसेल.

दोन दिवसांनी युवराज माडीवर आला. "देवदत्तकाका, पॉडकास्ट करू. मनमोकळ्या गप्पा. पप्पा सगळं मनातलं बोलतील. एकदम आतून आल्यासारखं वाटलं पाहिजे. तर तुम्ही लिहून द्या."

मागोमाग धापा टाकत साहेबही जिना चढून आले. "देवदत्तराव, दोष कुणाच्या तरी अंगावर जायला पायजे की. पोराच्या टीमवर घातला तर पोराचं नाव खराब हुतंय. तुमचं काय, तुमाला कोन वळखतंय?"

एखाद्याने यावर दोघांना जिना दाखवला असता. देवदत्तरावांनी पेनाचं टोपण काढलं. लाज वाटली नाही असं नाही, पण समोर कोरा कागद आणि शेजारी साहेब असले की त्यांची लाज नेहमीच माघार घेत आली होती. आणि खरं सांगायचं तर लिहिताना ते रंगले. 'आमच्याकडे प्रसिद्धीचं काम पाहणारे एक जुने गृहस्थ आहेत. मनाने निर्मळ. पण काळ पुढे गेला आणि ते तिथेच राहिले. चूक त्यांची, पण जबाबदारी माझी.' शेवटच्या वाक्यावर तर ते बेहद्द खूश झाले. नाव मात्र त्यांनी कुठे घातलं नाही. तेवढी अक्कल शाबूत होती.

पॉडकास्ट झाला. मागे विटांचं चित्र असलेला कागद, पुढे दोन भलेमोठे माइक, आणि 'दादा, तुम्ही इतके साधे कसे?' असे घाम फोडणारे प्रश्न विचारणारा एक दाढीवाला. साहेब पाठ केलेलं घडाघडा बोलले. त्या जागेपाशी आले आणि त्यांना जरा जास्तच उमाळा आला. "हे जुने गृहस्थ म्हंजे आमचे सात रस्त्याचे देवदत्तराव." उभ्या जन्मात साहेब एकदाच स्वतःच्या मनाने बोलले, आणि त्यात हे नाव बाहेर पडलं.

टीमने नेमका तेवढाच तुकडा कापून त्याची रील केली. खाली लोकांनी साहेबांना 'मोठ्या मनाचा माणूस' म्हटलं. देवदत्तरावांना जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुली आजारी कशाने पडल्या हे विचारायचं मात्र या धांदलीत सगळे विसरले.

दुसऱ्या दिवशी देवदत्तराव ऑफिसला गेलेच नाहीत. आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिले. मोबाईल त्यांनी बाहेर ठेवला होता, तो वाजत होता. अखेर यशोदाबाईंनी उचलला आणि दारात येऊन म्हणाल्या, "सोमलिंगभावजी आहेत."

देवदत्तरावांनी हाताने खूण केली. "सांग, बाहेरगावी गेलेत."

यशोदाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला. "घरातच आहेत, भावजी. पलंगावर बसलेत. देते." फोन त्यांच्या मांडीवर ठेवून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

सोमलिंगचा आवाज रोजचाच होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "देवदत्तराव, तुमची नोट मी कदी उलटून बगितली न्हाय. काल पेपरच्या मालकांनी मला हुबं करून त्याच्यावरनं जाब इचारला. साहेब वैरागला हायत हे तुमाला ठाव हुतं का न्हवतं, एवढंच सांगा. तुमचं म्हननं उद्याच्या पेपरात घालतो."

देवदत्तरावांचं होय म्हणायचं की नाही, हेच ठरेना. जन्मभर दुसऱ्यांची म्हणणी लिहिली, स्वतःचं असं एकही कधी लिहिलं नव्हतं. शेवटी सवयीने जे तोंडात आलं ते बाहेर पडलं. "योग्य ती चौकशी होईल. दोषींवर कारवाई होईल."

पलीकडे सोमलिंग लिहून घेत होता. लिहून झालं.

"बरं," तो म्हणाला. "खाली नाव कुनाचं घालू?"