मला ‘ती’ म्हणू नको

नवऱ्याचं घर सोडून योगिनी बदलापूरहून कल्याणला माहेरी आली तेव्हा तिच्याकडे एक बॅग होती आणि आईला द्यायला उत्तर नव्हतं. विमलाबाई रोज तेच विचारायच्या, “मारतो का? पितो का? मग झालं तरी काय?” नवरा मारत नव्हता आणि पीतही नव्हता. शेवटी एका दुपारी योगिनी म्हणाली, “आई, मी लेस्बियन आहे. मला बायकाच आवडतात. त्याचा काही दोष नाही.”

विमलाबाईंना शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. त्यांनी गॅस बंद केला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पुढचं वर्षभर त्या लेकीशी कामापुरतंच बोलल्या. योगिनीला मात्र त्या रात्री गाढ झोप लागली. आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. आता त्याला नाव मिळालं होतं, आणि ते आजाराचं नव्हतं.

पुढे तिने डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली. ठाण्यात खोपटला, एका क्लासच्या रिकाम्या हॉलमध्ये, तिने आणि संचिता नावाच्या मैत्रिणीने महिन्यातून एकदा बैठक सुरू केली. नियम योगिनीनेच घातला होता. इथे फक्त बाईवर प्रेम करणाऱ्या बायका येतील, पुरुष कोणीही नको. येणाऱ्या निम्म्या जणी घरातल्या पुरुषांना घाबरूनच तिथे पोचलेल्या असायच्या.

तिथेच तिला शालू भेटली. डोंबिवलीजवळच्या गावातल्या आगरी घरातली, शाळेची व्हॅन चालवणारी, शर्ट-पॅन्ट घालणारी. बोलायची ‘मी येतो’, ‘मी बोललो’ असं. घरच्यांना ती सवय वाटायची, योगिनीलाही तसंच वाटलं. दोघींनी विठ्ठलवाडीला भाड्याने घर घेतलं. विमलाबाईही हळूहळू येऊ लागल्या. ‘मैत्रिणी आहेत, एकत्र राहतात’ एवढं त्या शेजारी सांगायच्या आणि विषय बदलायच्या.

गेल्या वर्षी एका रविवारी शालू ओट्याशी बोंबील साफ करत होती. मान वर न करताच म्हणाली, “योगिनी, मला ‘ती’ म्हणू नको.”

“म्हणजे?”

“मी बाई नाय. कधीच नव्हतो. बैठकीत सगळ्या आपापलं सांगतात तेव्हा मी पण लेस्बियन बोलतो. पण ते माझं नाय. तुझं हाय म्हणून बोलतो.”

योगिनीच्या तोंडून निघून गेलं, “मग मी कोण?”

शालूचे हात थांबले. सगळ्यात आधी आपण स्वतःबद्दलच विचारायला नको होतं, हे योगिनीला लगेच कळलं. पण प्रश्न मागे घेता येईना. “पुरुषाबरोबर मी राहून आलेय शालू. ते घर सोडून आलेय.”

“तो मी नाय ना,” शालू म्हणाला.

इथून पुढे त्याला ‘तो’ म्हणायला हवं. योगिनीला मात्र ते जमेना. ती वाक्यंच अशी करायची की ‘तो’ किंवा ‘ती’ काही म्हणावंच लागू नये. जेवण झालं? व्हॅनचं काम झालं? चावी कुठे ठेवली? शालूच्या ते लक्षात आलं. “मराठीत अशी एवढी वाक्यं असतात माहीतच नव्हतं मला,” तो एकदा म्हणाला. हसला नाही.

पुढच्या बैठकीत त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. संचिता सावकाश बोलली, “शालू, तुझ्याबद्दल राग नाही. पण मग तुला इथे बसता येणार नाही. नियम आहे.”

मागून एक मुलगी म्हणाली, “आणि योगिनीताईचं काय? त्या आता लेस्बियन कशा?”

सगळ्यांनी योगिनीकडे पाहिलं. शालूनेही पाहिलं. शालूने व्हॅनची चावी उचलली. “मी खाली थांबतो,” म्हणाला आणि गेला.

“तू तरी बोल,” संचिता म्हणाली.

“शालू कोण ते शालू सांगेल,” योगिनी म्हणाली. “त्याने सांगितलं म्हणून माझा शब्द जात नाही. घरदार सोडून मिळवलाय मी तो.”

“असं दोन्ही नसतं गं. तो पुरुष असेल तर तू लेस्बियन नाहीस. आणि तू लेस्बियन असशील तर तू त्याला पुरुष मानत नाहीस. दोन्हीतलं एक काहीतरी खोटं आहे.”

महिनाभर योगिनी स्वतःलाच हे विचारत होती. तिने पर्स उचलली आणि जिना उतरली.

पुढच्या आठवड्यात विमलाबाई आल्या तेव्हा शालूने त्यांनाही सांगितलं. आई पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, म्हणून योगिनी दारातच उभी राहिली. पण विमलाबाईंचा चेहरा खुलला.

“म्हणजे पुरुषच की रे तू! मग इतकी वर्षं मला का जाळलंत? आता चारचौघांत सांगता येईल, हा माझा जावई म्हणून.”

जावई म्हटल्यावर शालूचे डोळे भरून आले. त्याला इतकं आनंदलेलं योगिनीने कधी पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी विमलाबाई हात जोडून म्हणाल्या, “सुधारली गं बाई माझी पोर.”

“मी सुधारले नाही, आई.”

“असू दे, असू दे. आता तो घाणेरडा शब्द काढू नकोस.”

“तोच काढणार.”

विमलाबाई शालूकडे वळल्या. “जावईबापू, तुम्हीच समजवा हिला.”

शालू गप्प राहिला असता तरी चाललं असतं. त्याला हवं ते सगळं समोर मांडलेलं होतं. योगिनी त्याच्याकडे बघत होती.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “मला जावई बोला. लय बरं वाटलं, खोटं नाय बोलत. पण ती सुधारली म्हणून बोलत असाल, तर नका बोलू. ती होती तशीच हाय.”

विमलाबाई उठल्या, चपला घातल्या आणि चहा न घेताच निघून गेल्या.

बैठकीचा नियम बदलला नाही. चालवायचं काम योगिनीने संचितावर सोडलं, पण ती जाते. कधी मागे बसते, कधी भांडते. शालू तिला खोपटला सोडतो आणि स्वतः दुसऱ्या एका गटात जातो, तिथे त्याच्यासारखे आहेत. संचिताच्या प्रश्नाचं उत्तर योगिनीला अजून सापडलेलं नाही. विचारलं तर ती तसंच सांगते.

विमलाबाईंचा फोन बरेच दिवस आला नाही. मग एका संध्याकाळी आला. पुतण्याचं, सुशांतचं लग्न होतं. “दोघं या,” त्या म्हणाल्या. “कोण म्हणून विचारलं तर मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा.”

“आम्ही दोघं वेगवेगळं सांगू, आई.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

“सांगा,” विमलाबाई म्हणाल्या. “पण हळदीला लवकर या.”