चौदा मीटरच्या टाकीत चौदा मीटर वीस

टाकीची उंची चौदा मीटर. माझ्या वहीत तेलाची उंची चौदा मीटर वीस सेंटिमीटर. आणि टाकीबाहेर तेलाचा एक थेंब नाही.

वही घेऊन मी चीफच्या केबिनमध्ये गेलो. १९९०चा एप्रिल होता, लढाईच्या आधीचं कुवेत. फहाहीलजवळ तेलटाक्यांच्या एका तळावर, टँक फार्मवर, मी गेजर होतो. गेजर म्हणजे टाकीतलं तेल मोजणारा. जिन्याने टाकीच्या छपरावर जायचं, झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली पोलादी फीत तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि वर ओढायची. फीत जिथवर भिजली तो आकडा वहीत लिहायचा, खाली सही करायची. याला डिप म्हणतात. देशाची श्रीमंती शेवटी अशा ओल्या फितीवर मोजली जायची.

चीफ इजिप्तचे. अंगाने भरलेले, बोलायला गोड.

“मिस्टर साठे, उन्हाने तेल फुगतं.”

“फुगलं की सांडतं, साहेब. हे सांडलं नाही.”

“कुवेतचं तेल आहे. शिस्तीचं आहे.”

साहेबांची अडचण मला ठाऊक होती. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या सगळ्या टाक्यांतलं तेल एका दिवसात वाढलं होतं. साहेबांनी वर कळवलं, “गळती आणि वाफ मी आटोक्यात आणली.” वरून शाबासकीचं सर्टिफिकेट आलं. ते फ्रेम करून त्यांच्या खुर्चीमागे टांगलं होतं.

“तेरा नव्वद लिही,” साहेब म्हणाले.

“आणि उरलेले तीस सेंटिमीटर?”

“उडाले. वाफ.”

“सही माझी असते, साहेब. मी मोजलं तेच लिहिणार.”

“मग उद्या ऑडिटर येतोय, त्याला तूच समजाव.”

ऑडिटर कुवेती होते, साठीचे. सगळे त्यांना अबू नासर म्हणत. साहेबांनी चहा मागवला, फायली मांडल्या. अबू नासरनी फायलींकडे पाहिलंसुद्धा नाही. पायघोळ दिशदाशा एका हाताने उचलून ते थेट टाकीचा जिना चढायला लागले. साहेब कित्येक वर्षांत तो जिना चढले नव्हते. ते दर वळणावर थांबून निसर्ग पाहत होते.

वर मी डिप घेतला. चौदा वीस. अबू नासर झाकणातून आत वाकले.

“तेल तर वरून हातभर खाली दिसतंय. मग वरचं तेल कुठे दिसतं?”

“वहीत दिसतं, सय्यदी,” साहेब धापा टाकत म्हणाले.

अबू नासर हसले नाहीत. “हे तेल माझं नाही, तुमचंही नाही. लोकांचं आहे. उद्या जहाजात कमी भरलं, तर लोक विचारतील कोणी चोरलं. सही कोणाची आहे?”

“माझी,” मी म्हणालो. मी फीत त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी फीत हातात घेतली आणि वजनापासून वर अंगठा फिरवायला लागले. पितळी वजनाला लागून पहिला आकडा होता एकाहत्तर. सुरुवातीचे सत्तर सेंटिमीटर गायब! तिथे सुबक रिव्हेट मारलं होतं. म्हणजे ही फीत प्रत्येक टाकीत सत्तर सेंटिमीटर जास्त तेल दाखवत होती. तीन आठवडे ती माझ्या हातात होती. मी पाहायचो फक्त भिजलेली जागा.

इतकं सुबक रिव्हेट फार्मवर एकच माणूस मारू शकत होता. आमचा मेंटेनन्सचा सुतार बाबल, मालवणचा. त्याला बोलावलं.

“फीत मुडपलेली,” बाबल म्हणाला. “वाकडो भाग कापलंय नि वजन परत जोडलंय. बरी बसली मा?”

“कापलेला तुकडा कुठे आहे?” मी विचारलं.

“चांगला पोलाद, टाकूक जीव होयना.”

तो आम्हाला साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेला. खुर्चीवर चढून त्याने सर्टिफिकेट उलटं केलं. फ्रेम फितीच्या त्याच तुकड्यावर टांगलेली होती. शून्य ते सत्तर, आकडे स्वच्छ वाचता येत होते.

अबू नासर इतके हसले की हातातली जपमाळ खाली पडली. साहेब हसावं की नाही, हे त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवत होते. मग अबू नासर एकदम थांबले आणि कामाला लागले. संध्याकाळपर्यंत नव्या फितीने सगळ्या टाक्या पुन्हा मोजल्या. कुवेतचं तेल परत कुवेतच्या टाक्यांत मावलं.

साहेबांना स्वतःच्या अक्षरात वर कळवावं लागलं की वाढलेलं तेल ही सुतारकामातली चूक होती. सर्टिफिकेट परत गेलं. मलाही लिहून द्यावं लागलं की मी फीत न तपासता तीन आठवडे सह्या केल्या. नोकरी वाचली. त्या दिवसापासून प्रत्येक डिपवर दोघांच्या सह्या आणि दर महिन्याला फितीची तपासणी सुरू झाली. बाबलला ताकीद मिळाली आणि चीफच्या केबिनची नवी कपाटं बनवायलाही मिळाली, कारण काम खरंच सुबक होतं.

आकडा घटला की चौकशी होते, वाढला की शाबासकी मिळते. पुढे नोकरीत असेपर्यंत मी वाढलेल्या आकड्याची चौकशी आधी केली. शाबासकी मात्र त्यानंतर एकदाही मिळाली नाही.